मुका टॉम

८ सप्टेंबर, सोमवार

नवरात्र जवळ आलं की डायरी काढायची, ही माझी जुनी खोड. वर्षभर मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाच्या रंगांच्या शेड जुळवतो. त्यात लिहिण्यासारखं काही नसतं. हे दिवस मात्र मी संदीपच्या गरबा ग्रुपचा ड्रमर असतो. तेव्हा विकास सखाराम या माणसाबद्दल, म्हणजे माझ्याबद्दल, चार ओळी लिहिल्या तर बिघडत नाही.

आज पहिली प्रॅक्टिस झाली, सुरतेत उधन्यात संदीपच्या साड्यांच्या गोदामात. पहिल्याच गरब्याला कळलं. फ्लोअर टॉम मेला आहे.

फ्लोअर टॉम म्हणजे माझ्या उजव्या मांडीशी तीन लोखंडी पायांवर उभा असतो तो मोठा ड्रम. गरब्यातला ढोलाचा सगळा घुमारा याच्यावर. ती ऐकून गोलातली माणसं पाऊल टाकतात, टाळी देतात. गेल्या वर्षी काठी पडली की त्याचा आवाज छातीतून आरपार जायचा. आज नुसतं थप. गादीवर मारल्यासारखं. मी दोनदा वाकून पाहिलं, आत कुणी कापड तर कोंबलं नाही ना.

प्रॅक्टिसनंतर संदीप म्हणाला, यंदा पाल भागातलं गरब्याचं मोठं मैदान, पालचा प्लॉट, मिळालाय, आयोजक कडक आहेत, पहिल्या रात्री जमलं नाही तर दुसऱ्या रात्री दुसरा ग्रुप आणतील. माझ्याकडे बघून म्हणाला की उगाच सगळ्यांना उद्देशून, कळलं नाही.

अंगही बरं नाही. शनिवारी विसर्जनात डिंडोलीच्या मंडळाबरोबर डीजेच्या भिंतीला खेटून ढोल वाजवत गेलो. काल उठलो तर उजव्या कानात दडा बसलेला आणि आत बारीक शिटी. गुलाल गेला असणार. आईने लसणाचं तेल टाकलं आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

टॉमची वरची-खालची दोन्ही स्किन बदलली. घरात पडून होती तीच लावली, म्हणजे आईला बोलायला जागा नको. पितृपक्ष लागल्यापासून तिचं सुरू आहे, "पितरपाटामा नवं काही आनू नको." स्वयंपाकघरात नवा झाराही येऊ देत नाही.

नट हळूहळू आवळत सूर लावला. घरात वाजवून पाहिला तर काय घुमला! खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि माझ्या बायकोला, रुपालीला, म्हणाल्या, त्यांच्या मांडणीतली भांडी वाजली. मी खुशीत गोदामात घेऊन गेलो. गाणं सुरू झालं आणि पुन्हा थप.

म्हणजे दोष पायांचा. टॉमच्या अंगावर तीन ब्रॅकेट स्क्रूने बसवलेत आणि त्यांतून हे पाय जातात. ड्रमला घुमायचं तर त्याचं अंग मोकळं थरथरायला हवं. इथे ब्रॅकेट त्याला धरून बसतात, आणि उरलीसुरली थरथर पायांतून खाली उतरते. घरात खाली फरशी होती, गोदामात लाकडी फळ्या. फळ्या आवाज पितात. त्यात पायांखालचे रबर जुने होऊन दगड झालेत.

आमच्या साउंडवाल्या अमितला हे समजावलं. तो म्हणाला, "दादा, मला तर बाहेर मस्त येतंय." याला मस्त काय, सगळंच मस्त असतं. मी एका कानात मॉनिटरची गोळी, म्हणजे इअरफोन, घालून वाजवतो, डाव्या. त्यात गायिकेचा आवाज आणि तालाची टिकटिक येते. उजवा कान मी उघडा ठेवतो, तो माझा ड्रमचा कान. पहिल्यापासून हीच पद्धत. माझ्या उजव्या कानाशी जे होतं ते त्याला लांब बसून काय कळणार!

१२ सप्टेंबर, शुक्रवार

भागळला हितेनभाईंच्या वाद्यांच्या दुकानातून पायांसाठी नवे रबर आणले. आतून पोकळ असतात, पाय हवेच्या गादीवर उभा राहतो. आई म्हणाली, नवं आणलंस. मी म्हणालो, हे नवं नाही, दुरुस्ती आहे. चप्पल तुटली तर पितरांसाठी अनवाणी फिरायचं का? त्यावर ती काहीतरी पुटपुटली. आजकाल घरात सगळे पुटपुटतच बोलतात.

ब्रॅकेट आणि ड्रमच्या मध्ये रबरी वॉशर घातले. पायांखाली स्पंजचे तुकडे. गोदामात वाजवलं. किंचित फरक वाटला, मग वाटलं की मनाचे खेळ. जोर लावून मारलं. अमितने लांबून हात हलवले, कमी, कमी. म्हणाला, टॉम फार गुंजतोय, बाकी सगळं खाऊन टाकतोय. मी म्हटलं, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी सांगतोय आवाज मेलाय आणि हा तो आणखी कमी करतोय.

तेवढ्यात संदीप एका मुलीला घेऊन आला. सोनाली. ऑक्टोपॅड वाजवते, म्हणजे रबरी पाटी बडवायची आणि आवाज आतल्या मशिनमधून काढायचा. गेल्या वर्षी अडाजणला कुठल्याशा ग्रुपमध्ये होती. संदीप म्हणाला, तुझ्या जोडीला असू दे. माझ्या जोडीला इतक्या वर्षांत कुणी लागलं नाही.

तिने पाटीवर बोट मारलं आणि फ्लोअर टॉमचा आवाज निघाला. भरीव, गोल. पाय नाहीत, ब्रॅकेट नाही, रबर नाही. सगळे तिच्याकडे बघून हसले. मी माझ्या टॉमचे नट आवळत बसलो. कान तापले होते.

घरी आल्यावर हे सगळं रुपालीला सांगितलं. ती मुलांच्या वह्या तपासत होती, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. मान वर न करता म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. थट्टेत म्हणाली. तरी मी जेवलो नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आज नानांचं, माझ्या वडिलांचं, श्राद्ध. आईने सांजोऱ्या, वडे, भरडधान्याची खीर असं त्यांच्या आवडीचं सगळं केलं. गच्चीवर घास ठेवला. कावळा बराच वेळ आला नाही, तेव्हा आई फोटोतल्या नानांशी बोलल्यासारखं मोठ्याने बोलली. ती त्यांच्याशी जिवंतपणीही ओरडूनच बोलायची. कतारगामच्या लूमखात्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म गेला, शेवटी नाना ठार बहिरे झाले होते. दिवाळीत सगळे हसले की तेही हसायचे, थोडे उशिरा. मला ते बघवायचं नाही.

जेवताना आई माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "तुना बाप बी सुरुवातले अशीच मान वाकडी करीसन ऐके." मी म्हणालो, मान अवघडली आहे, ड्रमवर वाकून वाकून. ते खरंच आहे.

रुपालीने विषय लावून धरला. दडा आठवडाभर आहे, उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. तिच्या शाळेतल्या प्रिया बाईंच्या ओळखीची डॉक्टर आहे, चांगली आहे. मला एकदम राग आला. तेवढ्यात आईच म्हणाली, पितरपाटामा दवाखान्याची नवी पायरी नको, नवं दुखणं पाठी लागतं. कधी नव्हे ते मला आईचं म्हणणं पटलं. मी म्हणालो, बरोबर आहे, आता घटस्थापना होऊ दे, नवरात्र होऊ दे, मग दाखवू. गुलालच तर आहे.

रुपाली आईकडे बघत राहिली. तिने नंतर मला काहीतरी विचारलं असावं, कारण ती ताट उचलून निघून गेली आणि जाताना म्हणाली, राहू दे.

खरं लिहायचं तर मला भीती वाटली. कशाची ते नाही सांगता येत. ग्रुपमधून जाण्याची असणार.

१५ सप्टेंबर, सोमवार

पलसाणा चौकडीवर, तिथल्या मोठ्या चौकात, आज मरता मरता वाचलो. मोटरसायकल वळवली आणि उजवीकडून टँकर इतका जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. पाय टेकून उभा राहिलो. मागच्या रिक्षावाल्याने शिव्या घातल्या, तो केव्हाचा हॉर्न देतोय म्हणे. खोटं. हॉर्न दिला असता तर मला ऐकू आला नसता का?

१७ सप्टेंबर, बुधवार

निर्णय घेतला. पायच नको.

दोन पर्याय होते. एक म्हणजे तीन पायांखाली स्प्रिंगच्या बैठका घालायच्या. दुसरा, पाय काढून टॉम लटकवायचा. अर्धगोल लोखंडी पट्टी येते, ती टॉमच्या वरच्या कड्याला रबरातून पकडते आणि पट्टी अडकवायची जाड स्टँडला. टॉमच्या अंगाला कुठेही लोखंड लागत नाही. छोटे टॉम तसे लटकवतातच. इतका मोठा ड्रम लटकवला की काठी बसल्यावर झुलतो, स्टँड कलंडायची भीती. दोन दिवस मी मिलमध्ये दुसरं काही बोललो नाही. काल एका लॉटची शेड चुकता चुकता राहिली, मास्तर म्हणाले तब्येत बरी आहे ना.

स्प्रिंगच्या बैठका खालची थरथर तोडतील, पण ब्रॅकेटची पकड तशीच राहील. लटकवला तर दोन्ही सुटतं. लटकवायचाच.

हितेनभाई दुकानात माश्या मारत बसले होते. या पंधरवड्यात गुजराती गिऱ्हाइकही फिरकत नाही. मी म्हणालो, घरी आई बोलेल. त्यांच्याकडे यावर तोडगा तयार होता. "लई जाओ, वगाडी जुओ. बिल पहेले नोरते," म्हणजे आत्ता नुसता वाजवून बघायला न्यायचा, बिल घटस्थापनेच्या दिवशी फाडायचं, तोवर खरेदी झालीच नाही. म्हणाले, सराधात अर्धं सुरत असंच माल उचलतं. पितरांना फसवायची ही सोय मला आवडली.

बरोबर नेलेला टॉम दुकानातच लटकवला आणि तळव्याने थाप दिली. आवाज थांबेचना. हितेनभाईंनी हसून दोन्ही हात कानांवर ठेवले. माझे डोळे भरून आले, हे मी कुणाला सांगणार नाही.

आईला म्हणालो, उसना आणलाय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

हरामखोर गोदाम.

लटकवलेला टॉम, नवी स्किन, कुठे काही अडकत नाही. गोळी डाव्या कानात घातली, गाणं सुरू झालं, आणि थप. मी वेड्यासारखा मारत सुटलो. तिसऱ्या गरब्यात स्किन फाटली.

सगळे थांबले. मी संदीपला म्हणालो, या साड्यांचे गठ्ठे आवाज पितात, आधी हे बाहेर काढ. तो म्हणाला, हे गठ्ठे गेल्या वर्षीही इथेच होते. ते खरं होतं, म्हणून मी आणखी ओरडलो. अमितला म्हणालो, तू माझा आवाज मुद्दाम पाडतोस. अमितने त्याचं रेकॉर्डिंग लावून फोन माझ्या हातात दिला. मी फोन कानाला लावला, आजकाल डाव्याच कानाला लावतो, उजव्या हातात काठी असते. टॉम मस्त घुमत होता. मी म्हणालो, हे तू मागून बास भरलेलं आहेस.

अमित गेली सहा वर्षं माझ्याबरोबर आहे. त्याने फोन घेतला आणि वायरी गुंडाळायला लागला.

संदीप मला बाहेर घेऊन गेला. आम्ही एका शाळेतले. रस्त्यावर टेम्पोच्या आवाजात तो बराच वेळ बोलला, मला अर्धं कळलं, मी मान हलवत राहिलो. शेवटी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "विकास, तुला मी काय विचारलं?" मला सांगता येईना. तो म्हणाला, "हेच. तुझं लक्ष नाहीये. रविवारी प्लॉटवर रंगीत तालीम आहे. तिथे असंच झालं तर ड्रमवर सोनाली बसेल."

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. आईने सगळ्या पितरांना निरोप दिला, उद्यापासून नवं काहीही आणा म्हणाली. घरात असलेल्या स्टँडकडे तिने बघितलंही नाही.

संध्याकाळी पालच्या प्लॉटवर तालीम. मिलमधून प्रिंटिंग मशिनचं जुनं रबरी ब्लँकेट कापून नेलं होतं, स्टेजच्या फळ्या आणि स्टँड यांच्यामध्ये घालायला. आता टॉम जमिनीपासूनही तुटलेला, लोखंडापासूनही तुटलेला. उघडं मैदान, साड्या नाहीत.

तरीही थप.

यावेळी मी ओरडलो नाही. सगळं करून झालं, आता दोष कुणाला द्यायचा तेच कळेना. मी न ऐकता वाजवला. कुठे मारलं की कसा घुमतो हे हाताला पाठ आहे, त्या भरवशावर. डोळे सोनालीच्या हातांवर ठेवले, गोळीतल्या टिकटिकीवर लक्ष ठेवलं. तालीम निभावली. संदीपने पाठीवर हात ठेवला, म्हणाला, आज भारी घुमवलास, असंच उद्या. मी हसलो. थोडं उशिराच हसलो.

सोनाली सामान आवरताना जवळ आली. उजवीकडून आली असावी, मला एकदम समोरच दिसली. म्हणाली, "दादा, मी तीन वेळा हाक मारली." मग विचारलं, बरं वाटतंय ना. मी म्हणालो, नोरतं संपू दे, सगळं बरं वाटेल. पोरगी वाईट नाही. पण माझ्या जागेवर ती बसली तर मी पुन्हा कधीच बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

२३ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी

रात्री आल्यावर लिहिता आलं नाही. आता लिहितो.

काल सकाळी घट बसले, हितेनभाईंनी बिल फाडलं. स्टेजवर चढण्याआधी सगळ्यांच्या वाद्यांना कुंकू लावलं. मी स्टँडलाही लावलं. मैदान भरलेलं. चणियाचोळ्या, केडियू, चार-चार गोल एकात एक फिरणारे. आरती झाली, पहिला गरबा संथ, तो नीट गेला. दुसऱ्यात लय चढली. टॉम तसाच मुका. मी हातांवर विश्वास ठेवून वाजवत होतो.

तिसऱ्या गरब्यात डाव्या कानातली गोळी घामाने सटकून पडली. वायरीने लोंबत होती. वाजवता वाजवता ती पकडली. वायर उजव्या खांद्यावरून आलेली, गोळी उजव्या कानाला जवळ पडली. क्षणभराचं काम होतं. उजव्या कानात कोंबली.

आणि गाणं नाहीसं झालं. गायिका गेली, टिकटिक गेली, जणू कुणी वायर उपटली. त्याच क्षणी टॉम फुटला. मी कसं लिहू? डाव्या बाजूने इतका मोठा, इतका गोल आवाज आला की मी दचकलो. दोन आठवडे ज्याच्यासाठी जीव टाकला तो आवाज. मी त्याच्या मागे धावलो. टिकटिक नव्हतीच, लय कधी पळाली कळलं नाही. खाली पाहिलं तर गोल विस्कटला होता. टाळीच्या जागी पाऊल, पावलाच्या जागी टाळी. एक बाई दुसरीवर आदळली. लोक थांबून स्टेजकडे बघायला लागले.

सोनालीने ओढून घेतलं. ऑक्टोपॅडवर ठाम ठेका धरला, माझ्याकडे बघत मान हलवून मोजत राहिली. मी तिच्या हनुवटीवर नजर लावून तिच्या मागे आलो. गोल पुन्हा फिरायला लागला. मध्यंतर होईपर्यंत मी तसाच वाजवत राहिलो.

खाली उतरलो तो थेट अमितकडे. म्हणालो, तुझी गोळी गेली, ऐन वेळी बंद पडली, आज माझी अब्रू गेली. टॉमचं मात्र मी शोधून काढलं, स्टँडला जरा वेळ लागतो, तो आता मोकळा झाला. मी खूप बोलत होतो. अमितने गोळी पुसून स्वतःच्या कानात घातली. मग काढून मला दिली.

"चालू आहे, दादा."

मी उजव्या कानात घातली. काही नाही. त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. मी काढून डाव्या कानात घातली. त्यात मध्यंतराची भक्तिगीतं चालू होती, स्वच्छ.

पुन्हा उजव्यात. पुन्हा डाव्यात. अमितने माझा हात धरला, तेव्हा कळलं की मी हे किती तरी वेळा केलं होतं.

मध्यंतरानंतर मीच संदीपला म्हणालो, सोनालीला बसव. त्याने कारण विचारलं नाही. मला वाटतं त्या सगळ्यांना आधीच माहीत होतं.

२३ सप्टेंबर, मंगळवार, रात्री

रुपालीने शाळेला रजा टाकली. डॉक्टरीणबाई गुजराती, माझ्याहून लहान. आत दिवा घालून बघितलं. गुलाल वगैरे काही नाही, पडदा स्वच्छ आहे म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून लोखंडी चिमटा काढला, सूर लावायचा, नादकाटा म्हणतात तो. मला बरं वाटलं, ओळखीचं हत्यार. त्याचा सगळा खेळ धरण्यात असतो, दांड्याला धरावं, वरच्या पात्यांना बोट लागलं की तो मरतो.

त्यांनी तो कोपरावर आपटला आणि माझ्या उजव्या कानाशी धरला. काहीच नाही. मी म्हणालो, "मॅडम, तुमचं बोट लागतंय. तुम्ही दाबून धरलाय."

त्यांनी पुन्हा न आपटता तोच चिमटा माझ्या डोक्यामागून फिरवून डाव्या कानाशी आणला. वाजत होता. एवढा वेळ तो वाजतच होता.

रुपाली खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढचं यंत्रावरचं तपासणं झालं. दोष उजव्या कानाच्या नसेत आहे. असं एकाएकी होतं, कधी मोठ्या आवाजाने, कधी उगाच. पहिल्या दोन-तीन दिवसांत आलं तर बऱ्याच जणांचं परत येतं. आता गोळ्या, कानात इंजेक्शन, थोडंफार येईल किंवा नाही, त्या शब्द देणार नाहीत. डाव्याला जपा, ड्रम बंद. मग विचारलं, कधीपासून आहे? मी म्हणालो, विसर्जनापासून. त्या म्हणाल्या, मग इतके दिवस थांबलात कशाला?

मी म्हणालो, "पितृपक्ष होता."

त्यांनी मान हलवली, त्यांच्याकडेही सराध पाळतातच. रुपालीने मात्र माझ्याकडे बघितलं. तिला माहीत होतं की त्याच पितृपक्षात मी रबर आणले, वॉशर आणले, स्टँड आणला. कानासाठी तेवढे पितर आडवे आले. तिला खूप बोलता आलं असतं. ती माझ्या उजव्या बाजूने उठली आणि डाव्या बाजूला येऊन बसली.

घरी आईने विचारलं नाही. रुपालीने सांगितलं असेल. आई देवघरात घटापुढे बसून राहिली, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तोंडापुढे हात नेऊन, नानांशी बोलायची तसं, ओरडून म्हणाली, "जेवी ले." डाव्या कानाने मला ते चांगलं ऐकू येत होतं. तरी मी तिला थांबवलं नाही. मला रडू आलं, तिलाही आलं.

दुपारी सोनालीला फोन केला. सांगितलं, स्टँडचा खालचा नट फार आवळू नकोस, टॉमला थोडं झुलू दे, खाली रबरी ब्लँकेट राहू दे. ती म्हणाली, हो दादा. मग म्हणाली, तुम्ही या ना. डॉक्टरांनी मोठ्या आवाजात जाऊ नका म्हटलंय. पण राहवलं नाही. रुपालीला घेऊन गेलो, प्लॉटच्या आत नाही, बाहेर पार्किंगच्या शेवटच्या टोकाला मोटरसायकलवर बसून राहिलो. तिथवर गाणं पातळ होऊन येतं, टॉम मात्र येतो.

मी डाव्या कानात बोट घातलं, गोळी घालायचो तसं. थप, थप. आठ तारखेला गोदामात ऐकला होता अगदी तोच आवाज.

बोट काढलं. टॉम घुमत होता, दूरवरून, भरून. पहिल्या दिवसापासून तो असाच वाजत असणार, जुन्या पायांवरसुद्धा.